लॅमिंग्टन रोडवर कंडेन्सर घ्यायला जाताय? मोजपट्टी आणि मीटर सोबत ठेवा

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. जुन्या ॲम्प्लिफायरचे कंडेन्सर बदलायचे असतील तर मुंबईतला लॅमिंग्टन रोड माझ्या मते आजही पहिल्या नंबरचा बाजार आहे. व्हॅल्यू, व्होल्टेज, व्यास, उंची आणि पायांमधलं अंतर कागदावर लिहून नेलंत तर जेवणाच्या वेळेआधी काम उरकेल. नुसतं "म्युझिक सिस्टीमचे चांगलेवाले द्या" म्हणालात तर महागातलं काहीतरी गळ्यात पडेल आणि घरी आल्यावर ते चेसिसमध्ये बसणारही नाही. बाजाराला पाचपैकी चार तारे. एक का कापला ते खाली येईलच.

माझ्याबद्दल थोडं, म्हणजे मत कोण देतंय ते कळेल. आयटीआय करून १९८५ साली मी टीव्हीच्या कारखान्यात लायनीवर बसले. १९८२च्या एशियाडनंतर रंगीत टीव्हीची लाट आली होती, सोल्डरिंगला बायका हव्या असायच्या, कारण आमचे डाग साफ येतात असं साहेब लोकांचं मत होतं. (पगारात ते मत कधी दिसलं नाही.) पुढे टेस्टिंगला गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. आता कळव्याच्या घरी बाल्कनीत टेबल टाकून नातेवाइकांची, शेजाऱ्यांची जुनी यंत्रं उघडते. पैसे घेत नाही, त्यामुळे घाईही करत नाही.

या वेळी टेबलावर आला तो धाकट्या दिरांचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर. सावंतवाडीहून तुतारी एक्सप्रेसने, गोधडीत गुंडाळून. ऐंशीच्या दशकातला देशी बनावटीचा सेट, मॉडेलची पट्टी कधीच गळून गेलेली. लाकडी पेटी, पुढे ॲल्युमिनियमची पाटी, मागे काळ्या हीटसिंकवर चार २एन३०५५ ट्रान्झिस्टर. भाऊजींची तक्रार सरळ होती: "वहिनी, यात भूं एवढं वाजतं की गाणं शेजारच्या घरातून आल्यासारखं वाटतं. आणि डाव्या बाजूचा ठेका गेलाय."

दोन्ही बाजूंना सारखाच, जाडसर भूं येत असेल आणि व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तो तसाच राहत असेल, तर संशय पहिला सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरवर जातो. आपली वीज ५० हर्ट्झची. एसीचं डीसी करणाऱ्या डायोडच्या ब्रिजमधून गेल्यावर तिची लहर १०० हर्ट्झची होते आणि ती सपाट करणं हे त्या मोठ्या डब्याचं काम. ४७०० मायक्रोफॅरडचा (हे साठवणुकीचं माप) कंडेन्सर धडधाकट असेल तर एक अँपिअर ओढल्यावर साधारण दोन व्होल्टची लहर उरते. तो सुकून निम्म्याखाली आला की लहर पाच व्होल्टवर जाते, आणि ती स्पीकरमधून ऐकू येते. डावीकडचा ठेका जाणं हा वेगळा आजार. हे जुने सेट सिंगल सप्लायवर चालतात, त्यामुळे स्पीकरच्या वाटेत प्रत्येक बाजूला एक मोठा कंडेन्सर असतो, डीसी अडवायला. तो वाळला की खालचे सूर आधी जातात.

दोन्ही अंदाज मीटरने खरे ठरवले. सप्लायचा डबा ४७०० चा १९०० दाखवत होता. डावीकडचा २२०० चा ८०० वर आला होता आणि त्याचा ईएसआर, म्हणजे आतला विरोध, ३ ओहमच्या वर गेला होता. ८ ओहमच्या स्पीकरच्या रांगेत ३ ओहमचा आगंतुक बसला तर वूफरपर्यंत काय पोचणार? उजवीकडचा अजून जिवंत होता, पण जोडीतला एक बदलायचा आणि दुसरा ठेवायचा, हे मी करत नाही.

आता खरेदीआधीचं काम. बाजारात माणूस फसतो तो इथे केलेल्या आळसामुळे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जुन्या डब्यावर ४७०० एमएफडी (म्हणजे मायक्रोफॅरडच), ५० व्होल्ट असं छापलं होतं. दुकानात जाऊन "सत्तेचाळीसशे पन्नास" म्हटलं की तेच मिळेल. पण ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टवर गुंडाळलेला आणि आमच्याकडे रात्री अकरानंतर मेन्स २४५ पर्यंत चढतो. त्याची सेकंडरी, म्हणजे सेटला वीज देणारी गुंडाळी, ३२ व्होल्टची. २२० वर हिशोब केला तर डीसी ४४ च्या आसपास, ठीक आहे. पण रात्री, सेट चालू आणि गाणं बंद अशा अवस्थेत मी मोजला तर ५१. म्हणजे ५० व्होल्टचा डबा रोज रात्री आपल्या मर्यादेबाहेर काम करत होता. तेव्हा यादीत मी ६३ लिहिलं. तुमच्याकडे सेट २२० व्होल्टच्या जमान्यातला असेल तर हे मोजल्याशिवाय घराबाहेर पडू नका. व्होल्टेज एक पायरी वर घेतलं तर बिघडत काही नाही. खाली मात्र कधीच जायचं नाही, दुकानदार कितीही "चलता है" म्हणाला तरी.

दुसरं, तापमान. ८५ अंशांचा आणि १०५ अंशांचा असे दोन प्रकार सर्रास मिळतात. किंमतीत फरक थोडा, आयुष्यात पुष्कळ. कामाचं तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं, हा ढोबळ नियम. १०५ अंशांना २००० तास लिहिलेला डबा पेटीत ५५ अंशांवर राहिला तर ६४,००० तासांपर्यंत हिशोब जातो. हीटसिंकला खेटून बसणाऱ्या कंडेन्सरला ८५ चा घेणं म्हणजे तीस-चाळीस रुपये वाचवून पुन्हा पेटी उघडायची तयारी ठेवणं.

तिसरं, शरीर. जुना सप्लायचा डबा ३५ मिलिमीटर व्यासाचा, क्लॅम्पमध्ये उभा, डोक्यावर सोल्डर टॅग. आजचा ४७००/६३ स्नॅप-इन प्रकारात २५ मिलिमीटर व्यासाचा आणि ४० उंचीचा येतो, खाली दोन आखूड पाय, १० मिलिमीटर अंतरावर. स्पीकरच्या वाटेतले जुने दोन ॲक्सिअल, म्हणजे दोन्ही टोकांना एकेक तार असलेले, बोर्डावर आडवे झोपलेले. ते आता मोठ्या व्हॅल्यूत दुर्मीळ. हे सगळं मोजून, चित्र काढून, चौकडीच्या कागदावर घेतलं. सुट्टे छोटे कंडेन्सर वेगळ्या रकान्यात: १० मायक्रोफॅरड, ४७, १००, सगळे ६३ व्होल्टचे. पिशवीत एक सहा इंची स्टीलची पट्टी आणि कंडेन्सर मोजणारं हातातलं एलसीआर मीटर.

कळव्याहून दादर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, पूर्वेला उतरून चालत. रस्त्याचं सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्यापासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळ्यांना तो लॅमिंग्टन रोडच. रविवारी बाजार बंद असतो. अकराच्या आधी पोचू नका, शटर अर्धी असतात आणि ज्याला माल कुठे आहे ते माहीत असतं तो माणूस आलेला नसतो.

पहिलं दुकान रस्त्यावरचं मोठं काउंटर. नावं कुणाचीच देत नाही. तिथं कामं करणारी पोरं दर वर्षाला बदलतात, आणि दुकान कसं निघेल ते त्या दिवशी गल्ल्यावर कोण उभं आहे त्यावर ठरतं. गर्दी भरपूर, वेग जबरदस्त. मला बघून पहिला प्रश्न, "मॅडम, बच्चे का प्रोजेक्ट है क्या?" मी म्हटलं, बच्चा चाळिशीचा आहे, बँकेत आहे, प्रोजेक्ट माझाच आहे. मग पोरगा मराठीत आला आणि जरा सावरून बसला.

यादी दाखवल्यावर त्यानं मागून ४७००/६३ च्या ऐवजी १०,०००/६३ चा डबा काढला. "हा लावा, बेस डबल येईल." आणि गंमत म्हणजे तो नेमका ३५ मिलिमीटरचा, माझ्या क्लॅम्पमध्ये गच्च बसला असता. मोह होण्यासारखीच गोष्ट. पण घेतला नाही, आणि का ते सांगते, कारण हा सल्ला त्या रस्त्यावर प्रत्येकाला मिळतो. कंडेन्सर मोठा केला की तो वीज थोड्या वेळात, मोठ्या घोटांनी ओढतो. सेट सुरू करतानाचा झटका वाढतो, डायोड आणि ट्रान्सफॉर्मर जास्त तापतात, आणि ते घोट जवळच्या प्रीॲम्पच्या, म्हणजे बारीक सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाच्या, तारांत करकर सोडतात. डायोड लगेच उडतील असं मी म्हणणार नाही, १एन५४०२ तसे दणकट. पण स्पीकरकडे जाणारा ठेका त्या डब्यामुळे दुप्पट होत नाही. तो अडतो पुढच्या २२०० पाशी. ८ ओहमवर २२०० मायक्रोफॅरड साधारण ९ हर्ट्झपर्यंत खाली नेतो. तिथं १००० लावला तर २० हर्ट्झलाच उतार लागतो, आणि स्पीकर ४ ओहमचे असले तर ४० ला. याच काउंटरवर २२००/५० शिल्लक नव्हते म्हणून मला "हजार पन्नास चालेल" असंही ऐकवलं गेलं. एकाच गिऱ्हाइकाला एका मिनिटात ठेका दुप्पट करायचा आणि निम्मा करायचा सल्ला!

छोटे कंडेन्सर तिथं सुटे देईनात, शंभराचं पाकीटच घ्या म्हणाले. घाऊक गिऱ्हाइकाला दुकान उत्तम, दर खरंच कमी. माझ्यासारख्या एका सेटच्या गिऱ्हाइकाला दोन तारे.

दुसरं दुकान काचेच्या कपाटाचं. आत पिवळा दिवा, काळे-सोनेरी डबे ओळीनं मांडलेले, आणि विकणाऱ्याच्या तोंडी "ऑडिओ ग्रेड" हा मंत्र. ऑडिओसाठी म्हणून बनवलेल्या मालिका खऱ्या असतात, यात वाद नाही. निचिकॉनची फाइन गोल्ड आहे, एल्नाच्या सिल्मिकमध्ये आतल्या कागदात रेशमाचे धागे असतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. पण सप्लायच्या डब्याला रेशीम कशाला? तिथं हवा रिपल करंट, म्हणजे त्या लहरीचा प्रवाह, झेपणारा, कमी ईएसआरचा, १०५ अंशांचा कंडेन्सर, आणि तो साध्या औद्योगिक मालिकेतही मिळतो. सिग्नलच्या वाटेतल्या लहान कंडेन्सरला कुणी चार रुपये जास्त घातले तर मी हसणार नाही. तिथंही १ मायक्रोफॅरडपर्यंत प्लास्टिक फिल्मचा, एमकेटी नावाचा घ्या, तो वाळतच नाही, प्रश्नच मिटला.

त्या कपाटातला एक ४७००/६३ मी हातात घेतला. जपानी कंपनीचं नाव, सोनेरी अक्षरं, किंमत अकराशे रुपये. वजनाला मात्र हलका. त्या मापाचा डबा हातात भरीव लागतो. मीटर लावू का विचारलं तर "सील तुटतं" असं उत्तर. कंडेन्सरला कसलं सील? मी पाय मीटरला टेकवले. १०० हर्ट्झवर २६०० च्या आत. कंडेन्सरवर कंसात एम छापलेला असतो त्याचा अर्थ वीस टक्के इकडे-तिकडे. ४७०० चे वीस टक्के वजा जाता ३७६० होतात. २६०० कुठल्याही अक्षरात बसत नाही. बारकाईनं पाहिलं तर प्लास्टिकची सालही एकावर एक दोन. आतला डबा लहान, बाहेरचा पोशाख मोठा. विकणाऱ्यानं तो शांतपणे परत कपाटात ठेवला, जणू मीच काहीतरी अवघड बोलले होते. याचसाठी बाजाराचा तो एक तारा कापला.

मीटरवाल्यांसाठी एक सूचना: मोठे इलेक्ट्रोलिटिक (म्हणजे असे डबे) १०० किंवा १२० हर्ट्झवर मोजायचे, कारण कंपनी ते आकडे त्याच वारंवारतेवर देते. १ किलोहर्ट्झवर मोजलं तर चांगला कंडेन्सरही कमी दाखवतो आणि तुम्ही दुकानदाराशी उगाच भांडाल. मीटर नसेल तर काही शे रुपयांत मिळणारा तो छोटा पडद्याचा कंपोनंट टेस्टर घ्या. अचूक नाही, पण २६०० आणि ४७०० यातला फरक त्याला कळतो.

"जुना ओरिजिनल माल" हाही एक प्रकार त्या कपाटात होता. न वापरलेले, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे. नव्यासारखे चकचकीत दिसतात, पण पडून राहिल्यानं आतला ऑक्साइडचा थर पातळ होतो. तो पुन्हा बसवायचा तर रेझिस्टरमधून हळूहळू व्होल्टेज चढवत तास काढावे लागतात. संग्रहवाल्यांनी करावं. मी सप्लायच्या जागी असला डबा लावणार नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते तिसरं दुकान. प्रॉक्टर रोडच्या बाजूला, जुन्या इमारतीत, लाकडी जिना चढून पहिल्या मजल्यावर. पाटी खालून दिसत नाही. आत दोन माणसं: पोटमाळ्यावरून खोके काढणारे एक वयस्कर काका आणि संगणकावर बिल करणारी त्यांची सून. भिंतभर पत्र्याचे खण, प्रत्येकावर पेन्सिलीनं व्हॅल्यू. काकांनी माझा कागद घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पहिलं वाक्य उच्चारलं, "पायातलं अंतर लिहिलंय म्हणजे ताई, तुम्ही स्वतः बसवणार." दिवसभरात कुणी कागद पूर्ण वाचला तो पहिल्यांदा.

४७००/६३, १०५ अंश, स्नॅप-इन, जपानी कंपनीचा साधा औद्योगिक माल, ३४० रुपये. मी काही बोलायच्या आत त्यांनी स्वतःच खणाखालून मीटर काढून लावला: ४३८०. मग माझ्या मीटरवर: ४३५०. बाजूला छापलेला बॅचचा आकडा दाखवून माल कधीचा तेही सांगितलं, दोन वर्षांच्या आतला. २२००/५० ॲक्सिअल मागितले तर म्हणाले, आहेत, पण देणार नाही. खणातून काढून दाखवले, २००९ चा शिक्का. "विकले तर पैसे मिळतील, पण तुम्ही परत जिना चढून भांडायला याल." त्याऐवजी रेडियल, म्हणजे दोन्ही पाय एकाच बाजूला असलेले, दिले, १६ मिलिमीटर व्यासाचे, पाय साडेसात मिलिमीटरवर, ९५ रुपयांना एक. ते आडवे झोपवून एका पायाला तार जोडायची, तारेवर स्लीव्ह चढवायची, हे मला माहीत होतं. तरी त्यांनी कागदाच्या मागे चित्र काढलंच. सुटे छोटे दोन-दोन नग मोजून दिले, पाच रुपयांपासून बारा रुपयांपर्यंत, कुरकुर न करता. कारखान्यात आम्ही केल्ट्रॉनचे कंडेन्सर पोत्यानं लावलेत, केरळ सरकारची कंपनी ती. मी नाव काढल्यावर काकांनी दोन निळे डबे आठवण म्हणून ठेवलेले दाखवले, विकायला नाहीत. नाशिकच्या अल्कॉनचे स्क्रूवाले जाडजूड डबेही होते, मोठ्या इन्व्हर्टर-वेल्डिंगच्या कामाचे. माझ्या सेटपेक्षा तो एकटा डबाच भारी दिसला असता.

तक्रारी याही दुकानाच्या आहेत. जिना अंधारा आणि उभा, गुडघे दुखणाऱ्यांनी कुणाला तरी वर पाठवावं. काका जेवायला बसले की कितीही गिऱ्हाईक असो, खण उघडत नाहीत, आणि सुनेला खणांची जागा माहीत नाही. बिल मात्र जीएसटीसह पक्कं मिळतं, न मागता. माल परत घ्यायची अट एकच: पाय कापलेले नकोत. माझ्याकडून साडेचार तारे, अर्धा जिन्यासाठी कापलेला. सगळी यादी मिळून साडेसहाशे रुपयांच्या आसपास गेले.

पुण्याच्या वाचकांसाठी: लेक तिकडे असल्यानं बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतही मी जाते, पासोड्या विठोबाच्या परिसरात. स्पीकर बॉक्स बांधणाऱ्यांचा राबता असल्यानं क्रॉसओव्हरचे बायपोलर कंडेन्सर, वायरी, कनेक्टर तिथं छान मिळतात, आणि सुटे देताना तोंड वाकडं करत नाहीत. मोठे स्नॅप-इन ६३ व्होल्टचे मला तिथं हव्या त्या मापात मिळाले नाहीत. लहान मालासाठी मुंबई गाठायची गरज नाही, मोठ्या डब्यासाठी आहे.

घरबसल्या मागवायचं तर माउझर, डिजी-की यांसारख्या अधिकृत वितरकांकडे नकलीची भीती नाही. व्यास, उंची, पायांचं अंतर, रिपल करंट असं सगळं गाळून शोधता येतं, कंपनीचं माहितीपत्रक समोर उघडतं. खरं सांगते, बाजारात जायच्या आधी मी मापांचा अभ्यास तिथंच करते. पण एका सेटसाठी मागवलं तर मालापेक्षा पाठवणावळ आणि कर जड होतात. चार-पाच सेटची यादी एकत्र करून मागवणाऱ्यांना परवडेल. मोठ्या खरेदी-संकेतस्थळांवर कुणीही विक्रेता विकतो तो "ऑडिओ ग्रेड गोल्ड" माल मात्र मी हातात धरल्याशिवाय घेणार नाही, वर सांगितलेल्या कपाटातला डबा आठवा.

बसवण्याचं थोडक्यात. काढायच्या आधी जुना डबा रिकामा करायचा, १०० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर दोन-तीन सेकंद धरून, मग मीटरनं शून्य पाहून. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढणारे लोक मी कारखान्यात पाहिलेत आणि त्यांचे स्क्रूड्रायव्हरही पाहिलेत. २५ मिलिमीटरचा नवा डबा ३५ च्या क्लॅम्पमध्ये सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून बसवला, डोक्यावरच्या खाचा मोकळ्या ठेवून, कारण फुगला तर वाफ तिथूनच निघते. खाली व्हेरोबोर्डचा (भोकांच्या तयार बोर्डाचा) तुकडा, त्यावर जुन्या तारा. आडवे रेडियल सिलिकॉननं चिकटवले. सिलिकॉन घेताना वास बघा. व्हिनेगरसारखा येत असेल तर ते बोर्डावर वापरू नका, त्यातलं ॲसिड तांब्याला खातं.

पहिल्यांदा वीज देताना मेन्सच्या वाटेत सिरीज बल्ब लावलाच पाहिजे. ६० वॅटचा पिवळा बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, म्हणजे कुठे शॉर्ट नाही. (हा बल्ब शोधणं आता कंडेन्सरपेक्षा अवघड झालंय, एलईडीच्या राज्यात. एक मिळाला तर दोन घेऊन ठेवा.) दोन आउटपुट ट्रान्झिस्टरांमधला पॉइंट सप्लायच्या निम्म्यावर, २५ व्होल्टला, दोन्ही बाजूंना. रात्री अकरानंतर पुन्हा मोजला, सप्लाय ५१, डबा ६३ चा, तापमान हाताला लागेल न लागेल एवढं. भूं आता स्पीकरच्या जाळीला कान लावला तर येतो, खुर्चीत बसून नाही. डावीकडचा तबला परत आला. भाऊजींना फोनवरून ऐकवला तर म्हणाले, "वहिनी, फोनवर कसं कळणार?" बरोबरच आहे.

आता राहिलाय तो व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे बटणामागचा फिरता रेझिस्टर. खरखरतो. तो साधा जोडपॉट नाही, लाउडनेससाठी मधे आणखी एक टॅप असलेला, १०० किलोओहमचा, लॉग. तिसऱ्या दुकानातल्या काकांना नमुना दाखवला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि सांगितलं की हा नवा मिळण्याची आशा सोडा, उघडून कॉन्टॅक्ट क्लिनरनं धुवा, ट्रॅक झिजला नसेल तर अजून चालेल. क्लिनरची बाटली त्यांच्याकडे नव्हती. ती पहिल्या दुकानात मिळाली, आणि ती मात्र सुटी दिली.